वेंडीचं बारसं कुणी केलं?

१९०४ चा हिवाळा. लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनवरच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये एका नाटकाच्या तालमी चालू होत्या, आणि त्यात काम करणाऱ्या बहुतेक नटनट्यांना नाटक आहे तरी काय हेच ठाऊक नव्हतं. ज्याच्या त्याच्या हातात त्याच्या वाट्याची पानं तेवढी. पूर्ण संहिता मोजक्यांनीच पाहिलेली. बातमी बाहेर फुटू नये म्हणून लेखकानं हा बंदोबस्त केलेला. नाटकातल्या मुलीच्या भूमिकेसाठी हिल्डा ट्रेव्हेल्यन या नटीची निवड झाली होती. तिला तालमीचा निरोप आला तो उडण्याच्या तालमीचा! आणि जोडीला सूचना अशी, की आधी स्वतःचा विमा उतरवून ये.

नाटक होतं ‘पीटर पॅन’, लेखक जे. एम. बॅरी आणि हिल्डाच्या भूमिकेचं नाव वेंडी. त्या काळच्या प्रेक्षकाच्या कानांना हे नाव नवंच होतं. एलिझाबेथ, मेरी, अॅनी, फ्लॉरेन्स या नावांच्या इंग्लंडमध्ये ‘वेंडी’ म्हणजे नेमकं काय, कुठल्या संताचं, कुठल्या आजीचं, कुणालाच सांगता आलं नसतं. पुढं पन्नास-साठ वर्षांत याच नावाच्या बायका इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत, इस्पितळांत, टायपिंगच्या खोल्यांत इतक्या झाल्या, की ते कधीकाळी विचित्र वाटलं असेल हे सांगूनही पटू नये.

हे नाव आलं कुठून, त्याचा किस्सा नाटकाइतकाच रंगतदार आहे. फक्त त्यात बॅरीच्या आधी एका लंगड्या कवीला भेटावं लागतं.

विल्यम अर्नेस्ट हेन्ली, जन्म १८४९, ग्लॉस्टर. लहानपणीच हाडांचा क्षय जडला आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढं दुसऱ्या पायावरही तीच वेळ आली तेव्हा हा गडी उठून एडिंबराला गेला, जोसेफ लिस्टरच्या हाताखाली. शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायला लावणारा तोच हा लिस्टर. वीसएक महिने इस्पितळात काढून हेन्लीनं तो पाय वाचवला. तिथल्या खाटेवर त्यानं ज्या कविता लिहिल्या, त्यांतली एक ‘इन्व्हिक्टस’ या नावानं आजही जगभर पाठ केली जाते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्याला भेटला तो याच इस्पितळात. दांडगी छाती, लाल दाढी, कुबडी आणि खोली दणाणून सोडणारं हसू असा हा मित्र स्टीव्हन्सननं उचलला आणि ‘ट्रेझर आयलंड’मध्ये एका पायाचा चाचा लाँग जॉन सिल्व्हर करून टाकला. स्टीव्हन्सननं हेन्लीला पत्रातून तसं कळवलंही. म्हणजे ज्या घरातून वेंडीचं नाव बाहेर पडलं, त्याच घरातून जगातला सगळ्यात प्रसिद्ध चाचाही आला होता. बॅरीला हे पक्कं माहीत होतं. त्यानं ‘पीटर पॅन’मधला चाचा कॅप्टन हुक उभा केला तेव्हा त्याची धास्ती सांगताना, सिल्व्हरसारखा सिल्व्हर फक्त यालाच टरकून असायचा, अशी नोंद करून ठेवली. मित्राला दिलेली ही चपराक आहे की सलामी, ज्यानं त्यानं ठरवावं. मला ती सलामी वाटते.

हेन्ली हा नुसता कवी नव्हता, जबरदस्त संपादकही होता. ‘स्कॉट्स ऑब्झर्व्हर’ आणि नंतर त्याचंच नाव बदलून झालेला ‘नॅशनल ऑब्झर्व्हर’ त्यानं चालवला. त्यात लिहिणाऱ्या तरुणांमध्ये स्कॉटलंडच्या किरिम्युइर गावातल्या विणकराचा मुलगा बॅरीही होता. उंची जेमतेम सव्वापाच फूट, चारचौघांत घुमा, मोठ्या माणसांशी बोलायचं तर घसा खाकरत बसणारा. मुलांत मात्र त्याची कळी खुलायची. हेन्लीच्या घरी त्याची मुलगी होती, मार्गारेट. १८८८ च्या सप्टेंबरची. हेन्ली नवराबायकोचं हे एकुलतं एक लेकरू.

या मार्गारेटला बॅरी फार आवडायचा. बाप त्याला ‘फ्रेंड’ म्हणायचा, म्हणून तीही त्याला ‘माय फ्रेंडी’ म्हणायला गेली. पण जिभेला ‘र’ काही जमेना. आपल्याकडे बोबड्या तोंडात ‘र’चा ‘ल’ होतो, तिच्या तोंडी त्याचा ‘व’ झाला आणि बाहेर पडलं ‘फ्वेंडी’. लहान मुलं शब्द सापडला की त्याच्याशी यमक खेळतात, तशी पुढं ‘फ्वेंडी-वेंडी’ झाली. एका बुटक्या, अबोल लेखकाला मारलेली ही हाक. तिला अर्थ विचारायचा तर ‘माझा सवंगडी’ एवढाच.

१८९४ च्या फेब्रुवारीत मार्गारेट मेंदूच्या आवरणाला सूज येऊन गेली. साडेपाच वर्षांची होती. बेडफर्डशरमधल्या कॉकेन हॅटली या खेड्यात, हेन्लीच्या एका मित्राच्या घराण्याच्या गावी, तिला पुरलं. दोन्ही पायांच्या दुखण्यापुढं न वाकलेला हेन्ली या घावातून सावरला नाही. बॅरीनं दोन वर्षांनी ‘सेंटिमेंटल टॉमी’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात रेडी नावाची एक छोटी मुलगी येते, ती मार्गारेटवरूनच घेतलेली. म्हणजे तिला लिखाणात आणण्याचा पहिला प्रयत्न तेव्हाच झाला होता, फक्त त्या वेळी तिचा शब्द वापरायचा राहिला होता. तो आठ वर्षांनी कामी आला. पण १९०३ च्या जुलैत हेन्ली वारला, आणि कॉकेन हॅटलीलाच लेकीपाशी विसावला. नाटक रंगभूमीवर आलं १९०४ च्या डिसेंबरात. आपल्या मुलीचा बोबडा शब्द शेकडो लोकांसमोर उच्चारला जातोय, हे बापाला ऐकायला मिळालं नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. नाटकातल्या मुलीला नाव द्यायला बॅरीला इतकं मागं का जावं लागलं?

त्याचं उत्तर त्या काळच्या त्याच्या मित्रपरिवारात आहे. केन्सिंग्टन गार्डन्समध्ये कुत्रा फिरवताना बॅरीची ल्यूएलिन डेव्हिस घराण्यातल्या मुलांशी ओळख झाली आणि तो त्यांच्या घरचाच होऊन गेला. ‘पीटर पॅन’ ही या मुलांना रंगवून रंगवून सांगितलेल्या गोष्टींची बेरीज. त्यातली पुरुषपात्रांची नावं पाहा. पीटर, डेव्हिसांच्या तिसऱ्या मुलाचं. मायकेल, चौथ्याचं. जॉन, म्हणजे दुसरा जॅक. वेंडीच्या डार्लिंग कुटुंबातल्या बापाचं नाव जॉर्ज, हे सगळ्यांत थोरल्याचं. धाकटा निको १९०३ च्या अखेरीस जन्मला, त्याचंही नाव नाटकातल्या मायकेलच्या नावाला जोडून दिलं. पाच भाऊ, पाचांची सोय झाली. पण या घरात मुलगीच नव्हती! नाटकात तर मुलगी हवीच होती. हरवलेल्या पोरांची आई व्हायला, त्यांना गोष्टी सांगायला, चड्ड्या-मोजे शिवायला कुणीतरी पाहिजेच. मग बॅरीनं जुना कप्पा उघडला.

त्याआधी १९०२ मध्ये ‘द लिटल व्हाइट बर्ड’ या पुस्तकात पीटर पॅन पहिल्यांदा आला होता. तिथंही त्याला एक मुलगी भेटते, रात्री बागेत अडकलेली. तिचं नाव मेमी मॅनरिंग. वेंडीची ही पूर्वजच. पण नाटकाला हात घातल्यावर मेमी गेली आणि वेंडी आली. पूर्ण नाव वेंडी मॉयरा अँजेला डार्लिंग. गंमत म्हणजे नाटकात कॅप्टन हुक झालेला नट जेराल्ड ड्यू मॉरिए हा डेव्हिस मुलांचा सख्खा मामा. त्याला १९०४ च्या मार्चमध्ये मुलगी झाली, तिचं नाव अँजेला. ही अँजेला पुढं मोठी होऊन १९२० च्या दशकात स्वतः रंगमंचावर वेंडी झाली. तिची धाकटी बहीण डॅफ्ने ‘रिबेका’ची लेखिका म्हणून आपल्या वाचकांना परिचित आहेच.

नावांच्या बाबतीत बॅरीचा हात सैल होता. छोटी परी टिंकर बेल ही आधीच्या खर्ड्यात टिपीटो होती. रंगमंचावर ती दिसायची ती आरशावरून फिरवलेल्या प्रकाशाच्या ठिपक्याच्या रूपानं, तरीही पहिल्या प्रयोगाच्या कार्यक्रमपत्रिकेत तिच्यासमोर ‘मिस जेन रेन’ असं एका नटीचं नाव छापून दिलं होतं. अशी नटी अस्तित्वातच नव्हती. नाटकाचं नावही आधी निराळंच होतं, ‘द ग्रेट व्हाइट फादर’. निर्माता चार्ल्स फ्रोमन याला सगळं नाटक आवडलं, खटकलं ते एवढंच. त्यानं सुचवलं आणि बॅरीनं बदललं. निर्मात्यानं नाव बदलल्यामुळे नाटकाचं भलं झाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण असावं.

या फ्रोमनविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण तो नसता तर वेंडी बॅरीच्या टेबलाच्या खणातच राहिली असती. बॅरीनं हे नाटक आधी वाचून दाखवलं हर्बर्ट बीरबोम ट्री या त्या काळच्या बड्या नट-निर्मात्याला. ट्रीनं ऐकलं आणि फ्रोमनला कळवलं, की सांभाळ, बॅरीचं डोकं फिरलंय. उडणारी माणसं, मुलांना सांभाळणारा कुत्रा, मगर, रेड इंडियन, चाचे, पन्नासच्या आसपास माणसं, आणि हे सगळं एका नाटकात? बॅरीलाही खात्री नव्हती. बुडीत खर्च भरून निघावा म्हणून त्यानं फ्रोमनला जोडीला दुसरं एक साधं, कमी खर्चाचं नाटक देऊ केलं. फ्रोमन मात्र पेटला होता. रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला की त्याला थांबवून हा गृहस्थ भर फुटपाथवर त्यातले प्रसंग करून दाखवायचा. १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीनं बुडवलेल्या ‘लुसिटानिया’ बोटीवर तो होता. बोट बुडत असताना त्यानं मृत्यू म्हणजे एक मोठं साहसच, अशा अर्थाचा पीटरचा उद्गार काढला, असं त्यातून वाचलेल्या एका नटीनं नंतर सांगितलं.

पुन्हा तालमीकडं येऊ. उडवायचं काम जॉर्ज कर्बी याच्या कंपनीकडं होतं. तारेनं उडणं इंग्लिश रंगभूमीला नवीन नव्हतं, पण इथं नटांना बोलता बोलता उठायचं होतं, खोलीभर भिरभिरायचं होतं आणि उतरून लगेच पुढचं वाक्य घ्यायचं होतं. त्यासाठी पटकन अडकवता-सोडवता येईल असा नवा पट्टा करावा लागला. पीटरच्या भूमिकेत नीना बूसिको, आणि दिग्दर्शक तिचा भाऊ डायन. मुलाची भूमिका बाईनं करण्यात तिथं कुणाला वावगं वाटत नव्हतं. आपल्याकडं बरोबर उलटा प्रकार. नीना लंडनमध्ये मुलगा होऊन उडत होती, त्याच सुमारास, १९०५ मध्ये, मिरजेत नारायण राजहंस नावाचा तरुण किर्लोस्कर मंडळींच्या ‘शाकुंतल’मध्ये शकुंतला होऊन उभा राहिला. बालगंधर्व हे नावही कागदावर कुणी ठरवून लिहिलेलं नव्हे. लोकमान्यांच्या तोंडून निघालेला कौतुकाचा उद्गारच चिकटला, असं सांगतात. नाटकवाल्यांची नावं अशीच पडतात.

डार्लिंगांच्या घरची कुत्री-दाई नाना हिच्या सोंगात आर्थर ल्युपिनो हा नट होता. बॅरीचा स्वतःचा कुत्रा लुअथ, काळापांढरा न्यूफाउंडलंड, त्याच्यावरून ते सोंग बेतलं. पहिला प्रयोग २२ डिसेंबरला ठरला होता. आदल्या रात्री नेपथ्य उचलणारं यंत्र कोसळलं, त्याखाली पडदे-देखावे चिरडले. प्रयोग पाच दिवस पुढं ढकलावा लागला. शेवटच्या प्रवेशाचं नेपथ्य नीट उभं करायला वेळ नव्हता म्हणून बॅरी ऐन नाताळच्या दिवसांत शेवटाची काटछाट करत बसला.

२७ डिसेंबर १९०४, मंगळवार. प्रेक्षागृहात पोरं कमी आणि लंडनचे शिष्ट थोरच जास्त. बॅरीला सगळ्यात धाकधूक होती ती एका जागेची. विष प्यायलेली टिंकर बेल मरणाच्या दारात असते आणि पीटर सरळ प्रेक्षकांकडं वळून विचारतो, पऱ्यांवर तुमचा विश्वास आहे का, असेल तर टाळ्या वाजवा. कुणीच वाजवल्या नाहीत तर? नाटक तिथंच मेलं. म्हणून बॅरीनं वाद्यवृंदाच्या प्रमुखाला सांगून ठेवलं होतं, की प्रेक्षक गप्प राहिले तर वादकांनी वाद्यं खाली ठेवून टाळ्या वाजवायच्या. ती वेळच आली नाही. सगळं सभागृह असं कडाडलं, की नीना बूसिकोला रडू कोसळलं. आपल्या बालनाट्यांत ‘मुलांनो, सांगू का त्याला?’ म्हटल्यावर पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडतात, त्या युक्तीची ही लंडनची आवृत्ती. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’नं मराठी बालरंगभूमी उभी केली, तेव्हा पडदा उघडायच्या आधी त्यांच्याही पोटात गोळा आलाच असेल.

पहिल्या प्रयोगानंतर आणखी एक भानगड झाली. घरोघरी मुलं खाटेवरून, कपाटावरून ‘उडायला’ लागली, पडून हातपाय मोडू लागली. आईबापांच्या तक्रारी आल्या. मग बॅरीनं संहितेत भर घातली, की अंगावर परीची धूळ पडल्याशिवाय कुणालाच उडता येत नाही. म्हणजे ही सुप्रसिद्ध धूळ कल्पनेच्या भरारीतून आलेली नसून प्लॅस्टरातल्या हातांमुळे आलेली आहे.

आता नावाच्या प्रसाराकडं वळतो, कारण इथं सगळीकडं छापून येणारी माहिती थोडी बेसावध असते. ‘वेंडी हे नाव बॅरीनं निर्माण केलं’ असं सर्रास म्हणतात. तसं म्हणता येत नाही. इंग्लंडच्या १८८१ च्या खानेसुमारीत या नावाची व्यक्ती सापडते, अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात तुरळक सापडतात. वेल्श ग्वेंडोलिनचं लाडकं रूप म्हणूनही ते कुठंकुठं निघालं असणं शक्य आहे. केंब्रिजशरमध्ये वेंडी नावाचं खेडं आहे आणि त्याची नोंद १०८६ च्या डूम्सडे बुकात आहे. त्या खेड्याचा आणि या मुलीचा काही संबंध नाही. अक्षरं जुळली एवढंच. पण मूठभर विखुरलेल्या वेंडी एक गोष्ट आणि चलनातलं नाव दुसरी गोष्ट. नाण्याला छाप लागतो, आणि तो इथं नाटकानं लावला.

तो छाप लागायला किती वेळ लागला, हे मला यातलं सगळ्यात मजेशीर वाटतं. नाटक १९०४ चं. त्याची कादंबरी ‘पीटर अँड वेंडी’ आली १९११ मध्ये, आणि नाटकाची संहिता छापली गेली थेट १९२८ मध्ये. म्हणजे पहिली सात वर्षं वेंडी डार्लिंग भेटायची तर बहुतेक थिएटरातच भेटायची. दर नाताळला प्रयोग लागायचे, दर वर्षी नवी पोरं. आणि वर्षानुवर्षं वेंडी म्हणजे तीच ती, विमा उतरवून आलेली हिल्डा ट्रेव्हेल्यन. पीटर बदलत गेले, ही टिकली. बॅरीनं तिला आपली अतुलनीय वेंडी म्हटलंय ते उगाच नाही.

या प्रेक्षक मुलींचं लग्नाचं वय यायला अर्थातच काही वर्षं लागली. सुरुवातीच्या वेंडींपैकी सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे वेंडी हिलर, जन्म १९१२, ‘पिग्मॅलियन’ चित्रपटातली एलायझा आणि पुढं ‘सेपरेट टेबल्स’साठी ऑस्कर मिळवणारी. खरी लाट आली ती त्यानंतर. सहा-सात वर्षांच्या वयात टाळ्या वाजवून परी वाचवणाऱ्या पोरी जेव्हा आया झाल्या तेव्हा. इंग्लंडात १९४० पासून १९६० पर्यंतची दशकं वेंडीची. मधे १९५३ मध्ये डिस्नेचा चित्रपट, १९५५ मध्ये मेरी मार्टिनच्या नाटकाचं अमेरिकन दूरदर्शनवरून थेट प्रक्षेपण. मग अमेरिकेतही १९७० च्या आसपास वेंडी मुलींच्या पहिल्या तीस नावांत जाऊन बसली. पुस्तकातली नावं वाचणाऱ्यालाच लागू पडतात. रंगभूमीवरचं नाव कानात बसतं आणि मुलगी होईपर्यंत तिथंच राहतं, असं माझं मत. वेंडीची सगळी कारकीर्द याच हिशेबानं चालली. भारताच्या अभ्यासकांना माहीत असलेल्या संस्कृत-पंडिता वेंडी डॉनिजर या १९४० च्या, न्यूयॉर्कच्या. त्यांच्या ‘द हिंदूज’ पुस्तकावरून २०१४ मध्ये इकडं किती रणकंदन झालं ते सांगायला नको. ‘शायनिंग’ चित्रपटात कुऱ्हाड घेतलेल्या नवऱ्यापासून पळणारी बायको वेंडीच. हाँगकाँग, तैवानमध्ये इंग्रजी नाव घेताना मुली वेंडी आवडीनं घेतात, कारण चिनी नावांशी ते उच्चारानं सहज जुळतं.

तिच्या नावानं एक घरही झालं. नाटकात पोरं चुकून वेंडीला बाण मारतात, ती निपचित पडते, मग तिला हलवायला नको म्हणून तिच्याभोवतीच छोटंसं घर उभं करतात. ब्रिटनमध्ये आजही मुलांच्या खेळातल्या, अंगणातल्या छोट्या घराला ‘वेंडी हाउस’ म्हणतात. आपलं भातुकलीचं घर. दक्षिण आफ्रिकेत तर परसातल्या मोठ्या लाकडी खोलीलाही हाच शब्द वापरतात, मग तिच्यात फावडी-कुदळी ठेवलेली का असेनात.

आणि बर्गर. १५ नोव्हेंबर १९६९ ला अमेरिकेतल्या कोलंबसमध्ये डेव्ह थॉमसनं ‘वेंडीज’ हे खाणावळीचं दुकान उघडलं, आठ वर्षांच्या लेकीच्या नावावर. तिचं खरं नाव मेलिंडा. भावंडांना ते म्हणता येईना, त्यांनी वेडंवाकडं करून करून ते वेंडीवर आणलं. म्हणजे हेन्लीच्या घरात घडलं तेच, दुसऱ्या खंडात, पाऊणशे वर्षांनी पुन्हा घडलं! पाटीवरच्या चित्रासाठी पोरीच्या वेण्यांत तारा घालून त्या आडव्या ताठ उभ्या केल्या होत्या. तीच लालवेणी मुलगी अजून पाटीवर आहे. मोठेपणी तिनं सांगितलं, की वडिलांनी मृत्यूच्या काही काळ आधी तिची माफी मागितली होती, नाव माझंच द्यायला हवं होतं म्हणून. या कंपनीला युरोपात पाय पसरताना अडवलं कुणी? नेदरलँड्सच्या गूस नावाच्या गावातल्या एका छोट्या स्नॅक्सच्या दुकानानं. त्याच्या मालकानंही दुकानाला वेंडीज नाव दिलं होतं, तेही स्वतःच्या मुलीवरून. न्यायालयात वर्षानुवर्षं एका बापाची लेक विरुद्ध दुसऱ्या बापाची लेक.

ज्यांची खरी नावं नाटकात गेली, त्या डेव्हिस मुलांना मात्र ती मानवली नाहीत. जॉर्ज पहिल्या महायुद्धात पडला. मायकेल १९२१ मध्ये ऑक्सफर्डजवळ बुडाला. पीटरला आयुष्यभर लोक ‘तो पीटर पॅन’ म्हणत राहिले, त्याला त्या नाटकाचा मनस्वी तिटकारा होता. १९६० मध्ये त्यानं लंडनच्या भुयारी रेल्वेखाली उडी घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत पुन्हा तेच नाव. पोरांच्या खेळातून नाटक काढणं आणि पोरांना त्यात नावानिशी उभं करणं यांत फरक आहे, आणि बॅरीला तो कळला नाही, हे म्हणायलाच हवं.

१९२९ मध्ये बॅरीनं ‘पीटर पॅन’चे सगळे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. १९८८ मध्ये ब्रिटिश संसदेनं खास तरतूद करून ब्रिटनमधलं मानधन रुग्णालयाला कायमचं मिळत राहील अशी सोय केली. कायद्याच्या मुदती संपल्या तरी हे चालूच.

त्याच्या कादंबरीचा शेवटचा भाग लक्ष देऊन वाचणारे थोडे. तिथं वेंडी मोठी होते, लग्न करते, तिला जेन ही मुलगी होते. पीटर येतो, वेंडीला आता उडता येत नाही, म्हणून जेनला नेतो. मग जेनही मोठी होते आणि तिची मुलगी पीटरबरोबर जाते. त्या नातीचं नाव बॅरीनं ठेवलंय मार्गारेट. बॅरीच्या आईचं नावही मार्गारेट होतं, आणि तो आईवेडा होता हे प्रसिद्ध आहे. म्हणून अभ्यासक या नातीचं नाव आईच्या खात्यात टाकतात. टाकोत बापडे. वेंडीच्या नातीला मार्गारेट म्हणताना लिहिणाऱ्याला हेन्लीच्या घरातली मार्गारेट आठवली नसेल, हे मला पटत नाही.

पहिल्या प्रयोगाच्या त्याच कार्यक्रमपत्रिकेत आणखी एक खोडी आहे. डार्लिंगांच्या घरची छोटी मोलकरीण लिझा हिच्या नावापुढं कंसात छापलंय, ‘नाटकाची लेखिका’. ती भूमिका एका लहान मुलीनं केली होती. बॅरीनं लेखकपण असं एका पोरीच्या गळ्यात घालून लंडनकरांना हसवलं. नाटकापुरती ती थट्टा होती. वेंडी या नावापुरती ती नव्हे. त्याची लेखिका खरोखरच एक पाच वर्षांची मुलगी आहे, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव आजवर कुणी छापलेलं नाही.